सव्वीस मंगळवार

४ मार्च, मंगळवार

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, चौकातल्या औषधाच्या दुकानासमोर, आमच्या परस्पर साहाय्य मंडळाची पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून शिवणवाली उतरली. उतरली कसली, उडी मारली. वेळ लिहून ठेवते आहे, पुढे लागेल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. कोणता कॉल किती वाजता लागला हे टिपल्याशिवाय चैन पडत नाही.

या बाईचा गुडघा निकामी झाला आहे. असं तिने नोव्हेंबरात मंडळाला लिहून दिलं आहे. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात जायला तिला मंडळाची गाडी मिळते आणि सोबतीला एक सभासद मिळते. सोबतीला कोण, तर भिंगरी. माझी भिंगरी.

तर ही निकामी गुडघ्याची बाई तरातरा गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेली, दार उघडलं आणि हात पुढे केला. तो धरून भिंगरी उतरली. मग दोघी हातात हात अडकवून, शाळेतल्या मैत्रिणींसारख्या, दुकानाच्या पायऱ्या चढल्या. तीन पायऱ्या. तेवढ्यात मी एक आख्खी डझन केळी निवडून घेतली. गप्पा संपत नसतील. भिंगरीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, भर रस्त्यात.

केळी भिंगरीसाठीच घेतली. उद्या येईल. पूर्वी मंगळवारी यायची.

५ मार्च, बुधवार

भिंगरी चार वाजता आली. एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं तिची खुर्ची माझ्या शेजारी होती. फिरत्या खुर्चीवर ती अशी गरगर फिरून दोन-दोन बोर्ड सांभाळायची की नाव पडलं ते पडलंच. एकाच वर्षी निवृत्त झालो. तेव्हापासून अकरा वर्षं, दर मंगळवारी चार वाजता, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते. तो मंगळवार शिवणवालीने चार ओळींच्या अर्जात उचलून नेला. आता मला बुधवार मिळतो. उरलेल्या कापडाचा तुकडा मिळावा तसा.

केळ्याला हात लावला नाही. चहा अर्धा ठेवला. पूर्वी तीन कप प्यायची आणि चौथा मागताना लाजायची. तिकडे पोटभर होत असणार. अंगात नवा ब्लाउज, मनगटापर्यंत बाह्या. हा चौथा. या उकाड्यात कोणी शहाणं माणूस असल्या बाह्या घालत नाही, पण शिवणवालीने शिवून दिल्या म्हटल्यावर घालायलाच हव्यात.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिचा गुडघा कसा आहे.

"बरा आहे."

"बरा आहे, तर गाडी कशाला लागते?"

"बरा म्हणजे, तसाच आहे गं. तू पान टाक."

तीन डाव हरली. लक्षच नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

शिवणवालीच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे भिंगरी राहते त्या इमारतीच्या तळमजल्यावरची पुढची खोली. निमित्त म्हणून जुना परकर नाडी घालायला नेला. चाळीस वर्षं माझी नाडी मीच घालते, पण ते तिला कुठे माहीत.

ती पायाच्या मशीनवर होती. दोन्ही पाय पट्टीवर, आणि मशीन असं चाललेलं की भिंतीवरचं घड्याळ हलत होतं. मी दारात उभी राहून मिनिटं मोजली. अकरा. मग म्हटलं, "गुडघ्याला चांगला व्यायाम होत असेल."

तिने पाय थांबवले. लाल झाली नाही, गोंधळली नाही. "सुपरवायझरबाई, बसा ना," म्हणाली.

"मी बसायला नाही आले. दुखतो कोणता, डावा की उजवा?"

"ज्या दिवशी जो दुखेल तो," ती म्हणाली आणि परकर हातात घेतला. "नाडीच ना? थांबा दोन मिनिटं."

घालून दिली, आणि काही घेतलं नाही. मेहेरबानी करणाऱ्या बायका मला सोसत नाहीत. टेबलावर काजं केलेल्या पट्ट्यांचा ढीग होता, सगळी हाताने केलेली, एकसारखी. एवढी काजं माणूस करतं कधी? ती म्हणाली, दवाखान्यात बसून होतात. मी म्हटलं, दवाखान्यात गुडघा दाखवतात की काजं करतात? यावर ती हसली. हसणं छान आहे तिचं, हे मान्य करते. भिंगरीला हसऱ्या माणसांची फार ओढ.

९ मार्च, रविवार

भाची जेवायला आली होती. वकिलाच्या ऑफिसात काम करते, म्हणून तिला मंडळाच्या वार्षिक अर्जाची मागची बाजू वाचायला दिली. तिथे साहाय्य मंडळ कायद्याचं कलम चौतीस ठळक अक्षरांत छापलेलं आहे. ते मीच छापून घेतलं. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं की लोकांना शिक्षा माहीत नसते म्हणून लोक खोटं बोलतात. टाळ्या फक्त भिंगरीने वाजवल्या होत्या, पण जोरात.

भाचीने मोठ्याने वाचलं. खोटी माहिती देऊन किंवा खरी दडवून मंडळाचा लाभ जो घेईल, घेऊ देईल किंवा त्यासाठीचा कागद जो भरील, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. सभासदत्व कायमचं रद्द.

"सहा महिने खरंच होतात?" मी विचारलं.

"मावशी, तुला कुणाला आत टाकायचंय?"

मी सांगितलं. ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, सोबतीला जाणारी मैत्रीण दर वेळी भेटीच्या कार्डावर सही करते ना? मग तीही "घेऊ देईल" मध्ये आली.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भिंगरीला बाहेर कसं ठेवायचं यावर तासभर वाद घातला. शेवटी ठरलं की तक्रारीत लिहायचं, सोबतीण भोळी असून तिची दिशाभूल झाली आहे. ते खरंच आहे. तिला कागद म्हटला की घाम फुटतो. दर ऑक्टोबरात तिचा वार्षिक अर्जसुद्धा मीच भरते, माझ्या अर्जाबरोबर, एका बैठकीत. आजारांचे आठ प्रश्न असतात. आठांनाही "नाही" लिहायचं, खाली तिची सही घ्यायची. या वेळी तिसऱ्या प्रश्नाशी "थांब गं जरा" करत होती. मी म्हटलं, तुला काय धाड भरली आहे, कर सही. केली.

भाची गेल्यावर कॅलेंडर काढलं. सहा महिने म्हणजे सव्वीस मंगळवार.

१० मार्च, सोमवार

तक्रार दिली. दोन प्रती, पोच घेतली. आमचे चिटणीस पूर्वी कंपाउंडर होते आणि अजूनही प्रत्येक गोष्टीत पाणी घालतात. म्हणाले, बाई, चार दिवस थांबा, मी तिच्याशी बोलतो, गोडीने मिटेल. मी म्हटलं, कलम चौतीसमध्ये गोडी हा शब्द कुठे आहे तो दाखवा. त्यांनी चष्मा काढून पुसला. कलम लावायचं तर आधी चौकशी, आणि चौकशी होईपर्यंत गाडी बंद ठेवावी लागेल, असं म्हणाले.

"ठेवा की," मी म्हटलं.

"दवाखान्याचं काम असतं हो. खरंच गरज असली तर?"

"पाय मारत जाऊ दे. मारते छान."

उद्याची फेरी आधीच लागली आहे, ती जाईल. शुक्रवारपासून गाडी बंद. चौकशी वीस तारखेला, संध्याकाळी पाच वाजता.

१२ मार्च, बुधवार

भिंगरीला काही सांगितलं नाही. तिला थंडी वाजत होती. मार्चमध्ये! मी खिडकी लावली आणि माझी शाल दिली. शाल तिने अंगावर घेतल्यावर मला शिवणवालीच्या बाह्या दिसेनाशा झाल्या, तेवढंच बरं वाटलं.

जाताना जिन्यात थांबली. वाटलं काही बोलणार. "तुझा जिना वाढलाय का गं?" एवढंच म्हणाली.

१८ मार्च, मंगळवार

आज गाडी नाही. म्हणजे सोबत नाही. म्हणजे मंगळवार मोकळा. सकाळी केक आणला, त्या बेकरीतला, ज्याच्या खोक्याला ती दोरी बांधून मागते. पत्ते पिसून ठेवले. कळवलं नाही. मुद्दाम बोलावून आलेल्या माणसाचं काय कौतुक? तिला आपण होऊन आठवायला हवं होतं की आज मंगळवार आहे आणि चार वाजता ती कुठे असायची.

पाच वाजता फोन केला. उचलला शिवणवालीने. ती झोपली आहे, म्हणाली. दोघी बसने दवाखान्यात जाऊन आल्या, दोनदा बस बदलावी लागली. मी विचारलं, गाडी नाही तर निकामी गुडघा घेऊन बसने जायची एवढी काय घाई होती?

लाइन तुटली असं वाटून मी हॅलो म्हटलं.

"जावं लागतं," ती म्हणाली.

केक एकटीने कापला नाही. शेजारच्यांना दिला.

१९ मार्च, बुधवार

भिंगरी आली नाही. पाय सुजले आहेत, असा निरोप. दुसरीसाठी बसचे धक्के खाल्ले तर सुजतीलच. बुधवारही गेला.

२० मार्च, गुरुवार

रात्रीचे नऊ. जसं झालं तसं लिहिते.

मंडळाच्या खोलीत चिटणीस, दोन कार्यकारिणी सभासद, गाडीचा ड्रायव्हर, मी आणि ती. भिंगरीला बोलावलं नव्हतं. बोलावू नका असं मीच कळवलं होतं, भोळ्या माणसाला त्रास नको म्हणून.

मी तक्रार वाचली. वेळेसकट. मशीनवरची अकरा मिनिटंसुद्धा. चिटणिसांनी शिवणवालीला विचारलं, तुमचं म्हणणं?

"बाई म्हणतात ते खरं आहे. माझा गुडघा ठणठणीत आहे. अर्ज मी केला, सही माझी. बाकी कुणाचा यात संबंध नाही. शिक्षा असेल ती मला लावा."

"पण का केलंत?"

"गाडीत बसायला आवडतं मला."

जिंकले होते मी. पण जिंकल्यासारखं वाटेना. माणूस इतक्या लवकर कबूल करतं तेव्हा काहीतरी पाठीमागे ठेवून करतं. चाळीस वर्षं लोकांची संभाषणं जोडून दिली, एवढं ऐकू येतंच.

मग चिटणिसांनी ड्रायव्हरची वही उघडली. त्यात काय, येणं-जाणं लिहिलेलं. पण त्यांनी मोठ्याने वाचलं. मंगळवार, पावणेआठला निघालो, दोन बायका. सव्वाआठ, मूत्रपिंड विभागाचं दार. एकीला व्हीलचेअर दिली. अडीच वाजता परत निघालो.

"गुडघा मूत्रपिंड विभागात कसा दाखवतात?" हे मीच विचारलं. माझ्याच तोंडून निघालं.

"व्हीलचेअर कुणाला दिली?" चिटणिसांनी विचारलं. ड्रायव्हर शिवणवालीकडे बघू लागला. ती जमिनीकडे. मग तो म्हणाला, त्या बारीक बाईंना, बाह्या लांब घालतात त्यांना.

चिटणीस उठले, कपाटातून भिंगरीची फाइल काढली, ऑक्टोबरचा अर्ज टेबलावर ठेवला. प्रश्न तिसरा. मूत्रपिंडाचा काही विकार? नाही. "ना" चा काना सरळ, "ही" ची वेलांटी गोल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर वाकडं अक्षर आलं तर खोटं बोलल्यासारखी माफी मागायला लावायची. माझं कधी वाकडं आलं नाही. मंडळात ते सगळे ओळखतात. निमंत्रणांची पाकिटं मीच लिहिते.

चिटणिसांनी अर्ज उलटा ठेवला, तर वर कलम चौतीस आलं, ठळक.

जिन्यात मी शिवणवालीला गाठलं. ती म्हणाली, "मी तिला नोव्हेंबरातच तुमच्याकडे पाठवत होते. ती म्हणायची, नको. माझ्या नावाने गाडी मागितली की माझा अर्ज काढतील, अक्षर ओळखतील, आणि तिला धरतील."

"तिला म्हणजे?"

"तुम्हाला."

"हे तिने तुम्हाला सांगितलं?"

"हो."

"मला नाही सांगितलं."

"नाही," ती म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या उतरून गेली.

२१ मार्च, शुक्रवार

आजही त्या बसने गेल्या असतील. मी पावणेआठला खिडकीत उभी होते. इथून त्यांचा स्टॉप दिसत नाही.

दिवसभर कागदावर "नाही" लिहून बघितलं. वाकडं काढायचं म्हटलं तरी येत नाही.

२२ मार्च, शनिवार

भिंगरीकडे गेले. पलंगावर बसली होती, उशीला टेकून, पाय वर. मला बघून म्हणाली, "आलीस? मला वाटलं वॉरंट घेऊन येशील."

सांगायचं ठरवलं होतं बरंच. निघालं एवढंच: "मला का नाही सांगितलंस?"

"तिसऱ्या प्रश्नाला सांगत होते की. थांब म्हटलं, तू थांबली नाहीस. सही झाल्यावर मलाच वाटलं, कशाला तुला कागद फाडायला लावू, इतकं सुंदर लिहिलं होतंस."

"नंतर सांगायचं."

"नंतर तू आधी मला रागावली असतीस, मग डॉक्टरांना, मग माझ्या मूत्रपिंडांना. आणि मला एक तरी जागा हवी होती जिथे मी आजारी नाही. बुधवारी चार वाजता मी आजारी नसायचे."

"आणि तिच्याकडे?"

"ती काही बोलत नाही गं. चार तास शेजारी बसून काजं करते."

मी काजं करू शकले असते. आमच्या शाळेत भरतकामाला पहिला नंबर होता माझा.

तिने बाही वर सरकवली. कोपराजवळ, डायलिसिसच्या सुया घालायला जोडून घेतलेली शीर दोरखंडासारखी फुगलेली. "हात लाव," म्हणाली. लावला. आत काहीतरी सतत गुणगुणत होतं, कॉल लागायच्या आधी तारेतून यायचं अगदी तसं. हे थांबलं तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, असं तिने सांगितलं. शिवणवाली रोज सकाळी वर येते, कान लावून ऐकते आणि चालू आहे म्हणते.

चाळीस वर्षं कुठली तार जिवंत आणि कुठली मेलेली हे मी ऐकून सांगत आले. आणि इथे कान कोण लावतं, तर शिवणवाली.

चहा मीच केला. तिला किती चालतो ते विचारलं. अर्धा कप. मग मीही अर्धाच घेतला.

निघताना तिने विचारलं, तिला तुरुंगात टाकतील का? तिचाच विचार. मी म्हटलं, बघू. खाली दुकानात दिवा होता, मशीन चालू होतं. आत गेले नाही.

२३ मार्च, रविवार

भाचीशी फोनवर बोलले. ती म्हणाली, मावशी, शिवणवालीने सगळं स्वतःवर घेतलंय, तू गप्प राहिलीस तर ते तिच्यापाशी थांबेल, तुझ्यापर्यंत येणार नाही.

तेच तर. भिंगरीचे मंगळवार तिने घेतले, शुक्रवार घेतले, सकाळचं ऐकणं घेतलं. आता भिंगरीसाठी तुरुंगातही हीच जाणार, आणि आयुष्यभर भिंगरी हिचेच उपकार आठवणार? खोटा कागद मी भरला. तो माझा आहे. त्यावर तिचा काही हक्क नाही.

चिटणिसांना जे पत्र लिहिलं त्याची प्रत इथे उतरवून ठेवते. संध्याकाळी स्वतः नेऊन देणार, पोच घेणार.

"मा. चिटणीस,

माझी दहा तारखेची तक्रार मी मागे घेत नाही. ती अपुरी आहे, म्हणून पुरी करीत आहे. माझ्या मैत्रिणीच्या वार्षिक अर्जातील आठही उत्तरे मी तिला न विचारता लिहिली. तिसऱ्या उत्तराच्या वेळी तिने मला थांबवले होते, हे मला स्पष्ट आठवते. कलम चौतीसमधील 'जो भरील' हे शब्द मलाच लागू होतात. ते छापून घेण्याचा आग्रह माझाच होता, तेव्हा अर्थाविषयी मला शंका नाही.

शिवणकाम करणाऱ्या सभासदांनी सर्व दोष स्वतःकडे घेतला आहे. तो त्यांना देण्यात येऊ नये. त्यांच्या वाट्याला फक्त गुडघा येतो. बाकीची कैद, दंड किंवा दोन्ही माझ्या नावावर लिहावे. सभासदत्व रद्द करायचे तर माझे करावे, परंतु ते गाडीविषयी निर्णय झाल्यानंतर.

गाडी माझ्या मैत्रिणीच्या स्वतःच्या नावाने, खऱ्या आजारासाठी, ताबडतोब सुरू करावी. बसने तिचे पाय सुजतात. गाडी मी बंद पाडली.

सोबत म्हणून मंगळवारी माझी नेमणूक व्हावी. शुक्रवारी सध्याच्या सोबतीण बाई गेल्यास माझी हरकत नाही. त्यांना काजे करायला तेवढा वेळ पुरे. मला कैद झाल्यास ते सव्वीस मंगळवारही त्यांनाच द्यावेत, मात्र उसने, अशी नोंद व्हावी. सत्ताविसाव्या मंगळवारी मी हजर राहीन.

तार तपासण्याचा मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे, हेही विचारात घ्यावे.

तोंडी निरोप चालणार नाही. उत्तर लेखी हवे, सहीनिशी, आणि उद्या सोमवार दिनांक २४ मार्च रोजी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात हवे. मंगळवारी पावणेआठला गाडी निघते, आणि मला जिना उतरायला आता वेळ लागतो."